मांजरातील चिरकारी वृक्कविकार

मांजराच्या एका अथवा दोन्ही वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) रचनेत किंवा कार्यात निर्माण झालेल्या आणि किमान तीन महिने टिकून राहिलेल्या बिघाडास चिरकारी (दीर्घकाल टिकणारा) वृक्कविकार असे म्हणतात. वार्धक्याकडे झुकलेल्या मांजरांत आढळणाऱ्या व्याधींपैकी ही एक प्रमुख व्याधी असून निरनिराळ्या पाहण्यांनुसार दहा वर्षांहून अधिक वयाच्या मांजरांपैकी सुमारे ३० ते ४० टक्के मांजरांना ती जडते. एकदा नष्ट झालेले वृक्कऊतक (समान रचना व कार्य असलेला पेशींचा समूह) पुन्हा निर्माण होत नसल्याने हा विकार समूळ बरा होत नाही. तथापि तो वेळीच ओळखता आल्यास आहार, औषधे व नियमित तपासणी यांच्या साहाय्याने त्याची गती मंद करता येते आणि मांजरास कित्येक महिने, पुष्कळदा कित्येक वर्षे, सुसह्य आयुष्य लाभू शकते.

वृक्काची रचना व कार्य : मांजराचे वृक्क घेवड्याच्या बीच्या आकाराचे असून त्यांची लांबी सामान्यतः ३ ते ४·५ सेंमी. असते. प्रत्येक वृक्कात सुमारे दोन लाख वृक्काणू (मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात. मानवाच्या एका वृक्कात ही संख्या सरासरीने दहा लाखांच्या आसपास असते. प्रत्येक वृक्काणूत सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुंता असलेला केशिकागुच्छ व त्यास जोडलेली लांब वळणदार नलिका असते. केशिकागुच्छातून रक्तातील पाणी व त्यात विरघळलेले पदार्थ गाळले जातात आणि नलिकेतून वाहताना त्यांतील बहुतेक पाणी व उपयुक्त लवणे परत शोषून घेतली जातात. उरलेले द्रव म्हणजे मूत्र होय. नत्रयुक्त टाकाऊ पदार्थांचे उत्सर्जन, पाणी, लवणे व अम्ले यांचा समतोल, रक्तदाबाचे नियमन, तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या हॉर्मोनाचा स्राव आणि ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूपात परिवर्तन ही सर्व कार्ये वृक्काकडेच असतात. त्यामुळे वृक्क निकामी होऊ लागले की, शरीरातील जवळजवळ प्रत्येक तंत्रावर परिणाम होतो.

पाळीव मांजर हे उत्तर आफ्रिका व नैर्ऋत्य आशियातील शुष्क प्रदेशांत राहणाऱ्या रानमांजरापासून उत्पन्न झाले आहे. भक्ष्याच्या मांसातील ओलाव्यावर निभावून नेण्याची व अत्यंत संहत (दाट) मूत्र तयार करण्याची क्षमता त्यास या पूर्वजाकडून मिळाली आहे. निरोगी मांजराच्या मूत्राचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः १·०३५ पेक्षा अधिक असते व ते १·०८० च्याही पुढे जाऊ शकते. तहानेची जाणीव मात्र मांजरात मंद असते. कोरड्या खाद्यावर वाढणारे मांजर त्या खाद्यातील पाण्याची उणीव पिण्याने पूर्णपणे भरून काढीत नाही.

विकृतिविज्ञान : वृक्काणूंचा ऱ्हास होऊ लागला म्हणजे उरलेले वृक्काणू अधिक कार्य करून ती उणीव भरून काढतात. या पूरक व्यवस्थेमुळे विकार दीर्घकाळ लपून राहतो. सर्वसाधारणपणे सुमारे दोन तृतीयांश वृक्काणू निकामी झाल्यावर मूत्र दाट करण्याची शक्ती कमी होते व सुमारे तीन चतुर्थांश निकामी झाल्यावर क्रिॲटिनीन, यूरिया इ. टाकाऊ पदार्थ रक्तात साचू लागतात. अतिरिक्त कार्याच्या ताणाने उरलेल्या केशिकागुच्छांतील दाब वाढतो, त्यांतून प्रथिने गळू लागतात आणि अखेरीस तेही नाश पावतात. अशा रीतीने मूळ कारण नाहीसे झाल्यानंतरही विकार आपल्याच गतीने पुढे जात राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक रुग्णांत नलिकांची अपपुष्टी (आकार व कार्यशक्ती कमी होणे), नलिकांमधील जागेत दाहपेशींचा संचय व तंतुमय ऊतकाची वाढ आढळते. वृक्क लहान, कठीण व खडबडीत होतात.

फॉस्फरसाचे उत्सर्जन कमी झाल्याने तो शरीरात साचतो. त्यास प्रतिसाद म्हणून परावटू ग्रंथींचा (गळ्यात अवटू ग्रंथीलगत असणाऱ्या ग्रंथींचा) स्राव वाढतो, हाडांतील कॅल्शियम निघून जाते व मऊ ऊतकांत, खुद्द वृक्कातही, कॅल्शियमाची लवणे साचतात. एरिथ्रोपोएटिनाच्या अभावी पांडुरोग (ॲनिमिया) होतो, मूत्रावाटे पोटॅशियम वाहून गेल्याने स्नायू दुर्बल होतात आणि अम्लांच्या संचयाने अम्लरक्तता उद्‌भवते.

कारणे : निदान होते त्या वेळी बहुसंख्य मांजरांत मूळ कारण निश्चित सांगता येत नाही. ज्ञात कारणांत वृक्क व मूत्रवाहिन्या यांतील कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे खडे, सूक्ष्मजंतूंमुळे होणारा वृक्कदाह, लसीका ऊतकाचे मारक अर्बुद (कर्करोगाची गाठ) आणि ॲबिसिनियन मांजरांत आढळणारा ॲमिलॉइड या प्रथिनद्रव्याचा संचय यांचा समावेश होतो.

पर्शियन व तिच्याशी संकर झालेल्या जातींत बहुपुटी वृक्क ही आनुवंशिक विकृती महत्त्वाची आहे. तीत जन्मापासून वृक्कात द्रवाने भरलेली पुटे (पिशव्या) असतात व ती वयानुसार मोठी होत जाऊन निरोगी ऊतकास दाबून टाकतात. या विकृतीस कारणीभूत असलेले पीकेडी-१ या जनुकातील उत्परिवर्तन २००४ मध्ये ओळखण्यात आले. ते प्रभावी स्वरूपाचे असल्याने बाधित आई अथवा बाप यांच्याकडून सरासरीने निम्म्या पिलांत उतरते. जनुकीय चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी विविध देशांतील पर्शियन मांजरांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मांजरे बाधित असल्याचे आढळले होते. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतही पर्शियन मांजरे हौसेने पाळली जातात. पैदाशीपूर्वी ही चाचणी करून बाधित नर-मादी वगळणे हा या विकृतीवरील एकमेव खात्रीचा उपाय होय.

विषबाधेने होणाऱ्या तीव्र (अल्पावधीत उद्‌भवणाऱ्या) वृक्कनाशातून मांजर वाचले, तरी पुढे चिरकारी विकार राहून जातो. लिली या फुलझाडाच्या लिलियम व हेमेरोकॅलिस या वंशांतील जातींची पाने, पाकळ्या, पराग, फार काय फुलदाणीतील पाणीही मांजरास घातक ठरते. पुष्पगुच्छांतून ही फुले घरात येत असल्याने मांजर पाळणाऱ्यांनी ती टाळणे इष्ट होय. मोटारींच्या शीतन यंत्रणेत वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल हेही असेच घातक द्रव्य आहे. २००७ साली उत्तर अमेरिकेत मेलॅमीन व सायन्यूरिक अम्ल यांनी भेसळ झालेल्या तयार खाद्यामुळे अनेक मांजरे व कुत्री वृक्कनाशाने दगावली व ते खाद्य मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यावे लागले.

मांजरातच हा विकार इतका का आढळतो, याविषयी संशोधन चालू आहे. २०१२ मध्ये हाँगकाँग येथे मांजरातील एका मॉर्बिलिव्हायरसाचा शोध लागला व वृक्कदाहाशी त्याचा संबंध सुचविण्यात आला. परंतु तो कार्यकारणभावाचा आहे, असे सिद्ध झालेले नाही. जपानी शास्त्रज्ञ तोरू मियाझाकी व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये असे दाखविले की, नलिकांतील मृत पेशींचा कचरा दूर करण्यास मदत करणारे एआयएम हे रक्तातील प्रथिन मांजरात दुसऱ्या एका मोठ्या प्रथिनास इतके घट्ट चिकटून राहते की, गरजेच्या वेळी ते सुटे होत नाही. या प्रथिनावर आधारलेले औषध तयार करण्याचे प्रयत्न जपानमध्ये हाती घेण्यात आले.

लक्षणे : प्रारंभी कोणतेही बाह्य लक्षण दिसत नाही. सर्वांत आधी लक्षात येणाऱ्या गोष्टी म्हणजे वाढलेली तहान व मूत्राचे वाढलेले प्रमाण. घराबाहेर वावरणाऱ्या मांजरात त्याही नजरेतून सुटतात. हळूहळू वजन घटते, पाठीवरील स्नायू झडतात, केस निस्तेज होतात व मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवण्याचे सोडून देते. अन्नावरील वासना कमी होणे, मळमळ, ओकारी, बद्धकोष्ठता व सुस्ती ही पुढील लक्षणे होत. मांजराचे वय झाले, असे समजून या लक्षणांकडे दुर्लक्ष केले जाते व मोलाचा काळ वाया जातो. विकार बळावल्यावर तोंडास उग्र दर्प येतो, हिरड्या व जीभ यांवर व्रण पडतात आणि हिरड्या फिकट दिसतात. पोटॅशियम फार कमी झाल्यास मांजरास मान वर धरता येत नाही. रक्तदाब वाढल्यास डोळ्यातील जालपटल (दृक्पटल) सुटून मांजर अकस्मात आंधळे होते. कित्येकदा या आंधळेपणामुळेच विकाराचा प्रथम उलगडा होतो.

निदान : केवळ एका चाचणीवरून निदान करीत नाहीत. पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी, रक्त, मूत्र व रक्तदाब यांचा एकत्रित विचार करावा लागतो. रक्तातील क्रिॲटिनीन ही रूढ चाचणी होय. तथापि हा पदार्थ स्नायूंतून उत्पन्न होत असल्याने स्नायू झडलेल्या मांजरात त्याचे प्रमाण फसवे, म्हणजे वास्तवापेक्षा कमी, आढळते. सममित डायमिथिल आर्जिनीन (एसडीएमए) या पदार्थाचे प्रमाण स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. वृक्काची गाळणक्षमता सरासरीने ४० टक्के घटल्यावर ते वाढू लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजरांत क्रिॲटिनिनापेक्षा सरासरी १७ महिने आधी ते वाढल्याचे दिसून आले. ही चाचणी २०१५ पासून व्यवहारात आली.

क्रिॲटिनीन वाढलेले आढळले, तरी ते निर्जलीभवनामुळे (शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे) अथवा मूत्रमार्ग अडल्यामुळेही असू शकते. म्हणून त्याच वेळी मूत्राचे विशिष्ट गुरुत्व पाहणे आवश्यक असते. निर्जलीभवन झालेल्या पण वृक्क सुस्थितीत असलेल्या मांजराचे मूत्र दाट असते. उलट वृक्कविकारात ते १·०३५ पेक्षा कमी, पुष्कळदा १·००८ ते १·०१२ च्या दरम्यान, राहते. मूत्रातील प्रथिन व क्रिॲटिनीन यांचे गुणोत्तर ०·२ पेक्षा कमी असणे हे सामान्य, ०·२ ते ०·४ हे सीमारेषेवरील आणि ०·४ पेक्षा अधिक असणे हे प्रथिनमूत्रतेचे लक्षण मानतात. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी मूत्राचे संवर्धन करतात. श्राव्यातीत ध्वनी व क्ष-किरण यांच्या साहाय्याने वृक्कांचा आकार, पुटे, खडे व अडथळे दिसतात.

रक्तदाब पुढील पायास अथवा शेपटीस पट्टा बांधून मोजतात. नव्या जागेच्या भीतीनेही तो वाढत असल्याने मांजरास काही मिनिटे शांत बसू देऊन अनेकदा मापन करतात. आकुंचनी दाब १४० मिमी. पाऱ्याहून कमी असल्यास सामान्य, १६० ते १७९ असल्यास उच्च व १८० किंवा अधिक असल्यास अतिउच्च समजतात. मधुमेह व अवटू ग्रंथीचा अतिस्राव यांतही तहान वाढते व वजन घटते. त्यामुळे या विकारांची शहानिशा करणे जरूर असते. अवटू ग्रंथीच्या अतिस्रावाने वृक्कातील रक्तप्रवाह वाढून वृक्कविकार झाकला जातो व त्यावर उपचार केल्यानंतर तो उघडकीस येतो.

अवस्था : १९९८ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वृक्कविषयक संस्थेने (आयरिस) ठरविलेली वर्गवारी सर्वत्र वापरली जाते. मांजराच्या शरीरातील पाण्याचे प्रमाण योग्य व प्रकृती स्थिर असताना घेतलेल्या रक्तातील क्रिॲटिनीन दर १०० मिलि. मध्ये १·६ मिग्रॅ. पेक्षा कमी असून वृक्कदोषाचा अन्य पुरावा असल्यास पहिली, १·६ ते २·८ मिग्रॅ. असल्यास दुसरी, २·९ ते ५·० मिग्रॅ. असल्यास तिसरी आणि ५·० मिग्रॅ. पेक्षा अधिक असल्यास चौथी अवस्था समजतात. सममित डायमिथिल आर्जिनिनाचे प्रमाणही विचारात घेतात. प्रथिनमूत्रता व रक्तदाब यांवरून प्रत्येक अवस्थेचे उपप्रकार पाडतात. उपचारांची दिशा या वर्गवारीवरून ठरते.

उपचार व व्यवस्थापन : खडे, जंतुसंसर्ग अथवा अडथळा यांसारखे दूर करता येण्याजोगे कारण आढळल्यास प्रथम त्यावर उपचार करतात. त्यानंतरचे व्यवस्थापन मुख्यत्वे आहारावर आधारलेले असते.

(अ) पाणी : मांजरास ताजे पाणी सदैव उपलब्ध असावे. रुंद तोंडाची भांडी घरात अनेक ठिकाणी, खाद्य व विष्ठापात्र यांपासून दूर ठेवतात. कोरड्या खाद्यात पाणी सुमारे १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७० ते ८० टक्के असल्याने ओले खाद्य श्रेयस्कर ठरते. विकार वाढल्यावर त्वचेखाली लवणद्रावण देतात. पशुवैद्याकडून शिकून घेतल्यास मालकास हे घरीच, सामान्यतः एका वेळी १०० ते १५० मिलि., देता येते. मात्र हृद्‌विकार असलेल्या मांजरास त्यापासून अपाय होऊ शकतो.

(आ) आहार : वृक्करुग्णांसाठीच्या विशेष खाद्यात फॉस्फरस, सोडियम व प्रथिने मर्यादित असून ओमेगा-३ वसाम्ले व पोटॅशियम यांचे प्रमाण वाढविलेले असते. इंग्लंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे खाद्य खाणाऱ्या मांजरांचा जीवनकाल मध्यमानाने ६३३ दिवस, तर ते न खाणाऱ्यांचा २६४ दिवस भरला. त्यात मांजरांची विभागणी यादृच्छिक नव्हती, ही त्याची मर्यादा होती. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ मांजरांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. दोन वर्षांच्या काळात नेहमीचे खाद्य खाणाऱ्या गटातील सुमारे एक पंचमांश मांजरे वृक्कविकाराने मृत्यू पावली; विशेष खाद्याच्या गटात असा एकही मृत्यू झाला नाही.

हे खाद्य साधारणपणे दुसऱ्या अवस्थेपासून सुरू करतात. बदल काही आठवड्यांत हळूहळू करावा लागतो. मळमळ होत असताना नवे खाद्य दिल्यास मांजर त्याचा कायमचा तिटकारा करते. मांजराने काही दिवस अन्न वर्ज्य केल्यास यकृतात मेद साचून जिवावर बेतते. त्यामुळे योग्य खाद्य न खाण्यापेक्षा नेहमीचे खाणे केव्हाही बरे, हे सूत्र पाळतात. महाराष्ट्रात घरोघरी मांजरास दूधभात, दूधपोळी व सुकी मासळी देण्याची प्रथा आहे. मांजर पूर्णतः मांसाहारी असून त्यास टॉरीन हे अम्ल अन्नातूनच मिळावे लागते व केवळ दूधभातातून ते पुरेसे मिळत नाही. खारविलेल्या सुक्या मासळीत मीठ व फॉस्फरस हे दोन्ही विपुल असल्याने वृक्करुग्ण मांजरास ती वर्ज्य समजावी.

(इ) औषधे : आहाराने रक्तातील फॉस्फरस आटोक्यात न आल्यास ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम कार्बोनेट किंवा लँथॅनम कार्बोनेट यांसारखी फॉस्फरस बांधून ठेवणारी द्रव्ये अन्नात मिसळून देतात. दुसऱ्या अवस्थेत फॉस्फरस दर १०० मिलि. रक्तरसात ४·६ मिग्रॅ. पेक्षा, तिसरीत ५·० मिग्रॅ. पेक्षा व चौथीत ६·० मिग्रॅ. पेक्षा कमी राखणे हे उद्दिष्ट असते. उच्च रक्तदाबावर ॲम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन, तर प्रथिनमूत्रतेवर टेल्मिसार्टन किंवा बेनॅझेप्रिल देतात. पोटॅशियमाची उणीव पोटॅशियम ग्लुकोनेटाने भरून काढतात. ओकारीवर मॅरोपिटंट व भूक वाढविण्यासाठी मिर्टाझॅपीन उपयोगी पडते. अमेरिकेत मिर्टाझॅपिनाच्या कानाच्या आतील बाजूस चोळण्याच्या मलमास २०१८ मध्ये मान्यता मिळाली. तीव्र पांडुरोगात डार्बेपोएटिनाची अंतःक्षेपणे देतात. याच कारणासाठी तोंडाने देण्याच्या मोलिडुस्टॅट या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता देण्यात आली.

माणसांसाठी असलेली वेदनाशामके मांजरास स्वतःहून कधीही देऊ नयेत. दाहविरोधी वेदनाशामकांनी वृक्कातील रक्तप्रवाह घटून विकार एकाएकी बळावतो. पॅरासिटामॉलाचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असल्याने त्याची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

(ई) अपोहन व प्रतिरोपण : कृत्रिम रीत्या रक्तशुद्धी करण्याची अपोहन पद्धती प्रामुख्याने तीव्र वृक्कनाशात, वृक्क पुन्हा कार्यक्षम होईपर्यंतच्या काळापुरती, वापरतात. मांजरात वृक्काचे प्रतिरोपण करण्याचा कार्यक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयात १९८७ मध्ये सुरू झाला. अशा मांजरास प्रतिरक्षा दडपणारी औषधे जन्मभर द्यावी लागतात. वृक्क देणारे मांजर स्वतः संमती देऊ शकत नाही, हा यातील नैतिक प्रश्न आहे. शस्त्रक्रियेनंतर त्या मांजरास रुग्ण मांजराच्या घरीच कायमचा आसरा द्यावा, अशी अट काही केंद्रे घालतात.

पाठपुरावा व भवितव्य : उपचार सुरू झाल्यावर प्रारंभी दर काही आठवड्यांनी व प्रकृती स्थिरावल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी वजन, रक्त, मूत्र व रक्तदाब यांची तपासणी करतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निदानानंतरचा जीवनकाल मध्यमानाने दुसऱ्या अवस्थेच्या उत्तरार्धातील मांजरांत सुमारे तीन वर्षे, तिसऱ्या अवस्थेत सुमारे दोन वर्षे व चौथ्या अवस्थेत सुमारे साडेतीन महिने आढळला. प्रत्येक अवस्थेत वैयक्तिक फरक मोठा असतो. म्हणून केवळ एका आकड्यावरून मांजराचे भवितव्य वर्तविणे योग्य ठरत नाही. रक्तातील फॉस्फरस, प्रथिनमूत्रता व पांडुरोग यांची तीव्रता जितकी अधिक तितके भवितव्य प्रतिकूल असते.

अंतिम अवस्थेत मूत्रविषरक्ततेमुळे मांजरास सतत मळमळ, अशक्तपणा व तोंडातील व्रणांच्या वेदना सोसाव्या लागतात. अशा वेळी उपचारांनी केवळ दिवस वाढत आहेत की त्या दिवसांत मांजर अन्न घेते, स्वतःस स्वच्छ ठेवते व माणसांच्या सहवासात रमते, याचा विचार पशुवैद्य व मालक यांनी मिळून करावयाचा असतो. या गोष्टी उरल्या नसल्यास वेदनारहित मरण देणे हा स्वीकारार्ह मार्ग मानतात. त्याचबरोबर अनेक मांजरे अकारण निराशेमुळे उपचारांस मुकतात, हेही खरे आहे. सात वर्षांवरील प्रत्येक मांजराचे वजन व रक्त-मूत्र यांची वर्षातून किमान एकदा आणि अधिक वयात दर सहा महिन्यांनी तपासणी केल्यास विकार पहिल्या वा दुसऱ्या अवस्थेतच ओळखता येतो. उपचारांचा सर्वाधिक लाभ त्याच काळात होतो.